छोट्या घरासाठी वॉशिंग मशीन घेताय? आधी टेप, मग बादली, दुकान सगळ्यात शेवटी

माझी भाची मागच्या जूनमध्ये नोकरीसाठी पुण्यात आली, कर्वेनगरला वन बीएचके, दोघी मैत्रिणी मिळून, नेहमीचं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. पहिल्याच रविवारी तिचा फोन, "मामा सेल लागलाय, आठ किलोचं फ्रंट लोड घेऊन टाकू का, रात्री बारापर्यंतच ऑफर आहे." म्हटलं थांब जरा, मी टेप घेऊन येतो. टेप म्हणजे तिला चिकटपट्टी वाटली, ते असो.

टेपचा एवढा आग्रह का, तर मी स्वतः माती खाल्लेली आहे. सहा वर्षांपूर्वी आम्ही फ्रंट लोड, म्हणजे समोरून दार असलेलं, आणलं, ६० सेंटिमीटर रुंद आणि जवळपास तेवढंच खोल. ड्राय बाल्कनीतली (किचनला लागून धुण्याभांड्यांसाठी असते ती) जागा मी नीट मोजली होती, भरपूर होती. पण ड्राय बाल्कनीत जायचं दार कोण मोजतं? पल्ला उघडा ठेवून मधली जागा निघाली ५७ सेंटिमीटर. डिलिव्हरीच्या दोन पोरांनी ते ६५ किलोचं धूड घामाघूम होत तिसऱ्या मजल्यावर आणलं, दारापाशी उभे राहिले, एकाने दाराकडे बघितलं, दुसऱ्याने माझ्याकडे, आणि "काका इथंच ठेवतो" म्हणून हॉलमध्ये ठेवून गेले. आठ दिवस ते सोफ्याशेजारी होतं, पाहुणे आले की चहाचा ट्रे त्यावरच. शेवटी सुताराला बोलवून दाराचा पल्लाच बिजागरीतून काढला, साडेतीन सेंटिमीटर मिळाले, खाली जुनी सतरंजी घालून ढकलत ढकलत आत घेतलं. पल्ला परत बसवला. आता मशीन बाहेर काढायचं म्हटलं की आधी सुतार.

म्हणून छोटं घर असेल तर उलटीकडून सुरू करायचं. कुठलं मशीन चांगलं हे शेवटी. तुमच्या घरात कुठलं चालेल हे आधी, आणि ते एकदा कळलं की निम्मी मॉडेलं आपोआप बाद होतात, डोक्याला ताप नाही.

पायरी १: टेप

जागा मोजायची, पण त्याआधी रस्ता मोजायचा. लिफ्टचं दार, जिन्याचं वळण, फ्लॅटचं दार, पॅसेज, आणि बाथरूम किंवा ड्राय बाल्कनीचं दार. दार मोजताना चौकट ते चौकट नाही, पल्ला पूर्ण उघडून जी मोकळी जागा उरते ती, आणि कडीचा दांडा किंवा हँडल पुढे येत असेल तर तेही वजा.

मग आकडे लक्षात ठेवा, साधारण असे असतात. सेमी म्हणजे दोन टबवालं, ७५ ते ८० रुंद आणि ४५ ते ५० खोल. साधं टॉप लोड, म्हणजे वरून झाकण असलेलं, साडेसहा किलोचं, ५४-५५ बाय ५४-५५, म्हणजे जवळपास चौकोनी. फ्रंट लोड ६० रुंद, ८५ उंच, खोली मॉडेलप्रमाणे ४० पासून ६० पर्यंत कितीही. हे सगळं सेंटिमीटरमध्ये. याच्यावर मागे पाइपसाठी पाच ते दहा आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन सोडायचे, भिंतीला चिकटवलं की पिळताना भिंतीवर धडका मारत बसतं.

झाकणाचं विसरू नका. टॉप लोड ९० उंच असलं तरी झाकण उघडल्यावर १३० च्या आसपास जातं. भाचीकडे नेमकी हीच अडचण, ड्राय बाल्कनीत मालकीणबाईंनी डब्यांसाठी फळी ठोकलेली, जमिनीपासून ११८ वर. फ्रंट लोडला झाकणाचा प्रश्न नाही, पण त्याचं दार पुढे उघडतं, दारासमोर तुम्ही उकिडवे बसून कपडे काढू शकाल एवढी जागा लागते, आणि तिच्याकडे समोर लगेच भांडी घासायचं सिंक. मालकीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "काढा फळी, पण स्क्रू एका पुडीत बांधून ठेवा, जाताना परत लावून द्यायची." पुडी अजून किचनच्या ड्रॉवरमध्ये आहे, वर नावही लिहिलंय.

पायरी २: बादली

हे कोणी करत नाही आणि नंतर सर्व्हिस सेंटरला फोन लावत बसतात. मशीनसाठी जो नळ वापरणार त्याखाली २० लिटरची बादली ठेवायची, नळ पूर्ण सोडायचा, मोबाइलवर टायमर. सकाळी सात ते नऊमध्ये करा, जेव्हा सगळी बिल्डिंग आंघोळीला लागलेली असते. दुपारी तीनला सगळ्यांच्याच नळाला धो धो पाणी असतं.

दोन मिनिटांच्या आत भरली तर काही काळजी नाही, काहीही घ्या. तीन-चार मिनिटं लागली तर चालेल पण प्रत्येक धुण्याला वेळ जास्त लागणार हे धरून चाला. पाचच्या वर गेली तर फुल्ली ऑटोमॅटिकचा, म्हणजे पाणी भरण्यापासून पिळण्यापर्यंत सगळं आपलं आपण करणाऱ्या मशीनचा, विचार जपून.

कारण असं की फुल्ली ऑटोमॅटिक मशीन व्हॉल्व्ह उघडतं आणि ठरलेल्या वेळात टबात ठरलेली पातळी येतेय का बघतं, नाही आली की काम थांबवून टीं टीं करत बसतं आणि स्क्रीनवर एरर टाकतं. शिवाय त्या व्हॉल्व्हला नीट उघडबंद व्हायलाच थोडा दाब लागतो. बऱ्याच मशीनच्या पुस्तकात किमान दाब ०.३ ते ०.५ बारच्या आसपास दिलेला असतो. बार वगैरे ऐकून घाबरू नका, एक बार म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून पडणारं पाणी. ०.३ म्हणजे तीन मीटर, दहा फूट. आता तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल आणि टाकी थेट तुमच्या स्लॅबवर असेल तर टाकीच्या तळापासून मशीनच्या नळापर्यंत जेमतेम सात-आठ फूटच भरतात. म्हणजे खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे तेच मशीन मस्त चालतं आणि तुमच्याकडे रडतं, यात कंपनीचा काही दोष नाही. माझ्या एका मित्राचा धायरीला टॉप फ्लोअरला फ्लॅट, त्याची बादली सात मिनिटांत भरायची, त्याने सरळ सेमी घेतलं आणि सुखात आहे. स्वतःचं घर असेल तर छोटा प्रेशर पंप बसवता येतो, भाड्याच्या घरात कोण एवढं करतं.

भाचीची बादली एक मिनिट पन्नास सेकंदात भरली. चार मजल्यांपैकी दुसरा मजला, त्याचा फायदा.

पाणी कुठलं येतं तेही विचारा

महापालिकेचं खडकवासल्याकडचं पाणी असेल तर तसं मऊ असतं, फार त्रास नाही. पण वाघोली, उंड्री, पिसोळी अशा बाजूला बऱ्याच सोसायट्या बोअर आणि टँकरवर असतात, तिथं पाणी जड. ओळखायचं सोपं आहे, नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरते, स्टीलच्या बादलीवर पांढरे डाग पडतात, साबणाला फेस येत नाही. असं पाणी असेल तर फ्रंट लोडच्या हीटरवर तो क्षार बसतो आणि हीटर हळूहळू निकामी होतो. म्हणून जड पाणी आणि बजेट कमी असेल तर हीटर नसलेलं मशीनच बरं. हीटरवालं घेतलंच तर दीड-दोन महिन्यांनी कपडे न घालता १०० ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) टाकून ६० डिग्रीवर एक राउंड फिरवायचा. वाण्याकडे मिळतं. त्यात ब्लीच मिसळायचं नाही, अजिबात, विषारी गॅस होतो.

पायरी ३: पाणी जाणार कुठे आणि प्लग कुठला

हे पटकन सांगतो. सेमी आणि बरीच साधी टॉप लोड यांच्यात ड्रेन पंप नसतो, पाणी आपलं आपण खाली वाहून जातं, त्यामुळे पाइप जमिनीवर लोळत नानी ट्रॅपपर्यंत (जमिनीतली पाणी जायची जाळी) जायला पाहिजे, वर उचलून बेसिनमध्ये सोडला की पाणी टबातच राहतं. फ्रंट लोडमध्ये पंप असतो, त्याचा पाइप उलट ६० ते १०० सेंटिमीटर वर अडकवायचा असतो, खाली ठेवला तर पाणी भरता भरता निघून जातं. दुकानदाराला विचारा पंप आहे का, तिथल्या पोराला माहीत नसेल तर पाइप कुठून निघतो ते मागे जाऊन स्वतः बघा.

प्लग. हीटरवालं मशीन साधारण २००० वॅट ओढतं, त्याला गीझरसारखा १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, एक्स्टेंशन बोर्डवर चालवायचं नाही. हीटर नसलेल्याला लोड कमी असतो, सेमीला तर साधा ६ अँपिअरचा पुरतो. पण जागा ओली असते म्हणून अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्याच, जुन्या बिल्डिंगमध्ये तीन भोकांचा सॉकेट असतो आणि मागे तिसरी वायरच नसते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पायरी ४: आता प्रकार ठरवा

सेमीला लोक उगाच नाकं मुरडतात. माझी आई सदाशिव पेठेत वाड्यात राहते, लाकडी जिना, एका वेळी एक माणूस कसाबसा चढेल असा, जमीन पण लाकडी. तिथं ६५ किलोचं फ्रंट लोड चढवायचं म्हणजे आधी वाडा पाडा. फ्रंट लोड एवढं जड का, तर पिळताना नाचू नये म्हणून त्याच्या आत काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात. सेमी २०-२५ किलोचं, दोन माणसांनी उचललं की झालं. आईचं बारा वर्षं चालू आहे, त्यात एकदा बेल्ट बदलला आणि एकदा टायमरचं बटण. नळाला पाणी नसेल तर बादलीने भरता येतं, गावठी काम पण चालतं. पिळायचं भांडंही जोरात फिरतं, १३०० आरपीएमच्या (मिनिटाला इतके फेरे) आसपास, त्यामुळे पावसाळ्यात कपडे बरे वाळतात. तोटा एकच पण मोठा, तुम्हाला मशीनपाशी थांबायला लागतं. धुतलं, पाणी सोडलं, विसळलं, ओले कपडे उचलून पलीकडच्या भांड्यात घातले, वरून जाळीचं झाकण दाबलं. ते झाकण दाबायला विसरलात किंवा एकाच बाजूला जीन्स कोंबली की मशीन स्वयंपाकघरापर्यंत चालत येतं. आणि सोलापुरी चादर त्या छोट्या भांड्यात जात नाही, ती दोघांनी दोन टोकं धरून पिळायची, त्याला पर्याय नाही.

टॉप लोड फुल्ली ऑटोमॅटिक हे मधलं प्रकरण. ३०-३५ किलो, शिफ्टिंगला सोपं, वाकायला लागत नाही, मधेच एखादा मोजा राहिला तर झाकण उघडून टाकता येतो. पाणी मात्र भरपूर पितं, फ्रंट लोडच्या जवळपास दुप्पट, म्हणजे टँकरवर चालणारी सोसायटी असेल तर विचार करा. पिळणं साधारण ७०० आरपीएमच्या आसपास, जुलै-ऑगस्टमध्ये जीन्स दोन दिवस दमट राहते.

फ्रंट लोड कपडे सगळ्यात चांगले धुतं यात वाद नाही, पाणी कमी, कपडा कमी झिजतो, १००० ते १४०० आरपीएमला पिळतं. पण त्याचे नखरे सांभाळायला लागतात. दारातलं रबर पुसायचं, दार उघडं ठेवायचं, नाहीतर पावसाळ्यात काळी बुरशी आणि कोंदट वास, पावडर त्याचीच कमी फेसाची. आणि दुरुस्ती महाग, कित्येक मॉडेलांत बाहेरचा टब कायमचा जोडलेला असतो, बेअरिंग गेलं की टबासकट बदला म्हणतात.

माझं मत विचाराल तर, भाड्याचं घर, एक-दोन माणसं, नळाला दाब चांगला, हीटर नसलेलं साधं टॉप लोड. दाब नाही किंवा जिना अरुंद, सेमी. स्वतःचं घर, दार मोठं, महापालिकेचं पाणी आणि दहा वर्षं हलायचं नाही, तर खुशाल फ्रंट लोड.

किती किलो?

हे किलो कोरड्या कपड्यांचे. जीन्स साधारण ६००-७०० ग्रॅम, टॉवेल ४००-५००, कॉटनचा शर्ट दोनशे-अडीचशे. दोन माणसांचं तीन दिवसांचं धुणं चार किलोच्या वर सहसा जात नाही. सहा-साडेसहा पुष्कळ झालं. आठ किलोचं घेतलेले लोक मी बघतो, ते एकतर अर्धं रिकामं चालवतात नाहीतर आठवडाभर कपडे साठवून ढीग करतात. टब भरताना वरती एक वीत जागा सोडायची, कोंबून भरलं की कपडे फिरतच नाहीत, नुसते भिजतात.

पायरी ५: दुकान

आता दुकानात जा. लक्ष्मी रोड, टिळक रोड, तुमच्या जवळचं मोठं शोरूम, कुठंही, भाव ऑनलाइन बघून जायचा. साधारण अंदाज, सेमी आठ ते बारा हजार, साधं टॉप लोड चौदा ते वीस, फ्रंट लोड बावीसच्या पुढे. रांजणगावला एलजी आणि हायरचे कारखाने आहेत, त्यावरून "आपल्या पुण्याचं मशीन" असं सेल्समन सांगतो, ऐकून घ्यायचं. महत्त्वाचं हे की तुमच्या एरियात त्या ब्रँडचा मेकॅनिक किती दिवसांत येतो, आणि ते सेल्समन सांगणार नाही, बिल्डिंगमधल्या चार घरांना विचारा. पुण्यात ही माहिती फुकट आणि सविस्तर मिळते.

बटणं जितकी कमी तितकं बरं. सोळा प्रोग्राम असतात, माणूस दोन वापरतो, एक रोजचा आणि एक पटकनचा. वायफाय कशाला हवंय, कपडे वाळत घालायला तुम्हालाच जायचंय. मशीनवर "१० वर्षं वॉरंटी" असं मोठं स्टिकर असतं, ती बहुतेक वेळा फक्त मोटरची असते, पूर्ण मशीनची दोन वर्षं वगैरे. आणि दोन वर्षांनंतर मोटर सहसा जात नाही, जातो तो पीसीबी, म्हणजे सर्किटचं कार्ड, आणि तो त्या दहा वर्षांत धरलेला नसतो. बिल करायच्या आधी विचारा, कार्डाची वॉरंटी किती, नुसता कार्ड बदलायचा खर्च किती. स्टार रेटिंग बघा, पण सेमीचे स्टार सेमीशी आणि फ्रंट लोडचे फ्रंट लोडशी.

जुनं घ्यायचं असेल तर सेमी घ्या, फ्रंट लोड नको. बघताना ड्रम हाताने रिकामा फिरवायचा, गुळगुळीत फिरला तर ठीक, आतून घरघर आली की बेअरिंग गेलेलं, मालक कितीही "वापरलंच नाही हो" म्हणू दे.

पायरी ६: घरी आल्यावर

फ्रंट लोड असेल तर मागे तीन-चार लांब बोल्ट असतात, वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले. ते काढल्याशिवाय चालू करायचं नाही, नाहीतर पहिल्याच पिळण्याला घर हादरतं आणि मशीनची वाट लागते. काढले की फेकायचे नाहीत, घर बदलताना परत लावायला लागतात. मालकीणबाईंच्या स्क्रूच्या पुडीशेजारी ठेवा.

ड्राय बाल्कनीला उतार असतो, पाणी जावं म्हणून, त्यामुळे पाय फिरवून लेव्हल करायलाच लागते. मोबाइलमध्ये लेव्हलचं ॲप असतं, नाहीतर मशीनवर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवा, कुठून सांडतं ते बघा. चाकांचा स्टँड इन्स्टॉलेशनवाला गळ्यात मारायला बघेल, फ्रंट लोडला तर नकोच. खालून उंदीर जाळी मात्र घ्या, त्यात कंजुषी नको, उंदराने एकदा वायर कुरतडली की जाळीच्या कितीतरी पट खर्च. तपकीर गल्लीत किंवा तुळशीबागेकडे पाइप, अडॅप्टर, कव्हर सगळं मिळतं. प्लास्टिकचं कव्हर धुणं झाल्यावर लगेच घालू नका, आत वाफ कोंडते. पावसाची झड आणि कबुतरं यांच्यासाठीच ते.

पावडर पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा कमी घाला, अर्ध्यापासून सुरू करा. विसळल्यावरही पाण्याला फेस राहतोय म्हणजे जास्त झाली.

भाचीने साडेसहा किलोचं टॉप लोड घेतलं, दोन महिने छान चाललं आणि एका शुक्रवारी फोन, "मामा पाणीच घेत नाहीये, एरर येतोय." मी विचारलं काल गुरुवार होता ना, पाणी बंद होतं? होतं. पेपरात नेहमीचं वाक्य असतंच, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. असं बंद होऊन पाणी परत आलं की पहिल्यांदा गढूळ येतं. तिला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, आधी प्लग काढ, नळ बंद कर, मागचा इनलेट पाइप फिरवून सोडव, आत बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी दिसेल, पकडीने हळूच ओढ. जाळी निघाली ती तांबड्या मातीने गच्च, जुन्या टूथब्रशने घासून परत बसवली, मशीन चालू. तेव्हापासून शुक्रवारी ती आधी एक बादली पाणी सोडून बघते आणि ते कुंड्यांना घालते.